हलक्या गिअरची गोष्ट

विद्यार्थी मित्रहो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



दरवर्षी या पानावर आम्ही निकाल, वर्गखोल्या आणि शिस्त यांविषयी लिहितो. या वेळी एका प्रवासाविषयी लिहिणार आहोत, आणि शेवटी आमच्या एका चुकीविषयी. पदवीपर्यंतचे आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, हे आपण जाणताच. मराठी घरात बोलत होतो, लिहायला लागलो ते या शाळेत आल्यावर. तेव्हा मध्येच एखादा हिंदी शब्द डोकावला तर सांभाळून घ्यावे.

या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, आम्ही लेकीकडे फ्रान्सला गेलो होतो. लेक आणि जावई लिऑन शहरात नोकरी करतात. पहिले आठ दिवस शहर पाहण्यात गेले. मग एके दिवशी जावई म्हणाले, "आई, रविवारी डोंगरात सायकलने जाऊ. तुम्ही कॉलेजात सायकल चालवत होता ना?" चालवत होतो, पण त्याला तीस वर्षे होऊन गेली होती. तरीही आम्ही होकार दिला. लेकीने आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता डब्यात जास्तीच्या दोन दशम्या भरल्या.

लिऑनच्या नैर्ऋत्येला सँत एतिएन नावाचे शहर आहे. एके काळी फ्रान्सच्या सायकल उद्योगाचे ते केंद्र होते. या शहराला लागूनच पिला नावाचा डोंगराळ प्रदेश सुरू होतो. १९७४ पासून तो निसर्ग उद्यान म्हणून राखलेला आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर १४३२ मीटरचे. आम्हाला तेवढे वर जायचे नव्हते. गाडीवर सायकली बांधून आम्ही कोल द ला रेपुब्लिक या खिंडीपर्यंत गेलो. 'कोल' म्हणजे खिंड. तिची उंची ११६१ मीटर. तिथून जंगलातल्या वाटांनी ल बेसा या गावाकडे जायचे आणि परत यायचे, असा बेत होता.

या वाटा डांबरी नाहीत. लाकूडतोडीच्या गाड्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी केलेले ते खडीचे रस्ते आहेत. खडीला इंग्रजीत ग्रॅव्हल म्हणतात, म्हणून अशा सायकलीला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, पण टायर चांगले चार सेंटिमीटर रुंद आणि त्यात हवा थोडी कमी. हवा कमी असली की टायर दगडावरून जाताना दबतो, सायकल उसळत नाही. दोन्ही बाजूंना फर आणि बीच यांची उंच झाडी, कडेला रचून ठेवलेले ओंडके, ओल्या मातीचा आणि राळेचा वास. काही वाटांच्या तोंडाशी आडवा दांडा लावलेला असतो. मोटारी अडतात, सायकल कडेने निघून जाते.

रस्ता चुकू नये म्हणून झाडांवर खुणा रंगवलेल्या आहेत. पांढरा आणि लाल पट्टा म्हणजे पायी जाणाऱ्यांची लांब पल्ल्याची वाट. तेच पट्टे फुलीसारखे असले तर समजावे की ही वाट आपली नव्हे. एक त्रिकोण आणि दोन वर्तुळे असली की ती सायकलची वाट. वाटेत कोणी चालणारे भेटले की वेग कमी करायचा आणि 'बोंजूर' म्हणायचे. आमचे फ्रेंच तेवढेच, पण जंगलात ते पुरले.

खिंडीवर उभे असताना जावयांनी दोन्ही बाजूंना हात करून दाखवले. इकडे पडलेला पाऊस ल्वार नदीतून अटलांटिक महासागराला मिळतो, तिकडचा रोन नदीतून भूमध्य समुद्राला. आम्हाला एकदम आपला जानापाव आठवला. तिथे उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला पोहोचते. पण त्याच डोंगररांगेच्या दक्षिणेचे पाणी नर्मदेतून अरबी समुद्राला जाते. भूगोलाच्या तासाला हे फळ्यावर शिकवताना मुले जांभया देतात. तिथे उभे राहिले की जांभई येत नाही.

आता थोडे गणित. आठवीच्या वरच्यांनी वही काढावी. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला पुढच्या चक्राला समजा ४४ दाते आणि मागच्याला १८. म्हणजे पेडलचा एक फेरा मारला की मागचे चाक जवळजवळ २.४ फेरे फिरते. चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल सव्वापाच मीटरहून जास्त पुढे जाते. आम्हाला दिलेल्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरला पुढे ३० दाते होते आणि मागे ३४. एका फेऱ्यात ती दोन मीटरदेखील जात नाही. पाय भराभर फिरवावे लागतात, पण प्रत्येक फेऱ्याला जोर कमी लागतो. चढ तेवढाच राहतो, आपण तो लहान लहान घासांनी खातो, इतकेच.

पहिला खडा चढ आला तेव्हा आम्ही हलका गिअर टाकला खरा, पण मनातून ओशाळलो. जावई तरुण, पायात ताकद. ते जड गिअरवर उभे राहून निघाले. वीस-पंचवीस पेडल मारले असतील, त्यांचे मागचे चाक खडीवर जागच्या जागी फिरले आणि त्यांना पाय टेकावा लागला. आम्ही बसल्या जागी पाय फिरवत, धापा टाकत, त्यांच्या शेजारून वर गेलो. वर पोहोचल्यावर त्यांनीच समजावले. उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार कमी होतो. त्यात जड गिअरवर जोराचा धक्का बसला की सुट्या खडीत चाक घसरते. बसून हलक्या गिअरवर गेले की चाक जमीन धरून ठेवते. म्हणजे हलका गिअर हा फक्त अशक्तांचा आधार नाही. खडीवर चढण्याची रीतच ती आहे.

परतताना खिंडीवरचे एक स्मारक नीट पाहिले. ते पॉल द व्हिव्ही या गृहस्थांचे. जन्म १८५३, मृत्यू १९३०. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत. आधी रेशमाचा व्यापार होता. तो सोडून ते १८८७ साली सँत एतिएनला आले, सायकलींचे दुकान काढले आणि सायकलीवरचे मासिक सुरू केले. शाकाहारी होते. याच घाटावर चढून-उतरून त्यांनी सायकलीला एकाहून जास्त गिअर असावेत याचे प्रयोग केले आणि आयुष्यभर त्याचा प्रचार केला. त्या काळी बहुतेक रस्ते खडीचेच होते. म्हणजे आजची ग्रॅव्हलची हौस ही जुनीच गोष्ट नव्याने आलेली आहे.

त्यांना विरोधही झाला. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आँरी देग्रांज हे त्याआधी एक वर्ष लिहून गेले होते की असले गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी ठीक, खऱ्या सायकलपटूने स्नायूंच्या बळावर जिंकावे. त्याच १९०२ साली मार्त एस नावाच्या एका स्त्रीने तीन गिअरच्या सायकलवर २४० किलोमीटरचा डोंगराळ मार्ग एकदाही पाय न टेकता पार केला, अशी नोंद आहे. तरीही टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला सर्वांसाठी परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले.

आमचे वय ५४. देग्रांज साहेबांच्या हिशेबाने आम्हाला गिअरची मुभा होती. हसत हसत हे लेकीला सांगत होतो, आणि सांगता सांगता हसू थांबले. कारण देग्रांज साहेबांचा नियम आम्हीच आपल्या शाळेत लावलेला होता.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जानापावच्या सायकल सहलीच्या वेळी आम्ही सूचना काढली होती की गिअरच्या सायकली आणू नयेत. हेतू वाईट नव्हता. गिअरची सायकल महाग असते. काही मुलांकडे ती, बाकीच्यांकडे साधी, यातून मुलांची मने दुखावतील असे काही पालकांनी सांगितले होते, आणि ते खरेच होते. पण चढाच्या मध्यावर सातवीतली एक मुलगी सायकलवरून उतरली. तिची गिअरची सायकल आमच्या सूचनेमुळे घरी राहिली होती. आम्ही सगळ्यांना थांबवून म्हणालो, "थोडी हिम्मत हवी. बघा, बाकीचे कसे चढले." त्यानंतर ती एकाही सहलीला आली नाही. आम्ही कारण विचारले नाही.

आणि आम्हाला स्वतःला काय मिळाले होते? या शाळेत रुजू झालो तेव्हा साधी सूचनादेखील शुद्ध मराठीत लिहिता येत नव्हती. तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "आधी हिंदीत लिहा, मग आपण मराठी करू." दोन वर्षे त्यांनी पेन्सिलीने आमचे कागद सुधारले, आणि वर्गासमोर एकदाही वाच्यता केली नाही. आम्हाला हलका गिअर मिळाला होता म्हणून आम्ही आज या पानापर्यंत पोहोचलो.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या मुलीला भेटलो. आता ती दहावीत आहे. आम्ही तिची माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाई, उतरल्याचं काही नाही वाटलं. सगळे थांबून बघत होते, त्याचं वाटलं." या वर्षी सहलीला येशील का, हे आम्ही विचारले नाही. ते तिने ठरवावे.

आता विश्वस्त मंडळींना विनंती. जुना नियम आम्ही मागे घेत आहोत. पण त्यामागची पालकांची काळजी खरी आहे, म्हणून शाळेने स्वतःच्या सहा गिअरच्या सायकली घ्याव्यात. चढावर त्या आळीपाळीने सर्वांना मिळतील. ज्याला उतरून चालायचे असेल तो चालेल, आणि त्यासाठी कोणी थांबून बघणार नाही. यंदा ऑगस्टमध्ये जानापावला सर्वांत शेवटची सायकल आमची असेल. जो मागे राहील, त्याला सोबत मिळेल.

आपली,
मुख्याध्यापिका