भट्टीवरची बिस्किटं

मे महिन्यात गच्च्यांवर कुरडया-पापड वाळायला लागले की बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून यायचा, "तुमची बिस्किटं झाली का?" पुड्यातली बिस्किटं तेव्हाही मिळत, पण ती आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची. घरात खायची बिस्किटं बेकरीत जाऊन करून आणायची असत. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची, मजुरी किलोवर.

तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा, वर पत्रेवाल्याकडून झाकण आणि कडी बसवून घेतलेली. तो राखेनं घासून दिवसभर उन्हात पालथा पडायचा. पिशवीत मैदा, पिठीसाखर, चिमूटभर जायफळ, कुटलेले वेलदोडे; आणि झाडाचं चित्र असलेल्या पिवळ्या डब्यातला डालडा. साजूक तुपाची बिस्किटं करणारी घरं गावात होती, पण त्यांची गणती बोटांवर.

बेकरीत सगळ्या आळीचे डबे रांगेत मांडलेले असायचे. "चाचा, आमचा नंबर कधी?" "बसा वहिनी, ह्यांचं निघालं की तुमचंच." हे 'तुमचंच' तासभर तरी चाले. मग वहिनी घरी जात आणि पोरांना पहाऱ्यावर बसवून जात. काम एकच: आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय का ते बघायचं. हा संशय अन्यायाचा होता आणि चाचांना तो पुरता ठाऊक होता. आमचा डालडा परातीत उपडा करताना ते डबा आमच्यासमोर बोटानं निपटून दाखवत.

डालडा आणि साखर तळहातानं फेसफेसून पांढरीशुभ्र झाली की त्यात मैदा पडे. नानकटाईचे गोळे हातावरच वळले जात. दुसऱ्या प्रकारच्या बिस्किटांसाठी हँडल फिरवायचं एक यंत्र होतं. त्यातून रेघारेघांच्या लांब पट्ट्या बाहेर यायच्या, चाचांचा मुलगा सुरीनं त्या सटासट कापायचा. काळेकुट्ट पत्रे भरले की लांब दांड्याच्या फावड्यावरून भट्टीत आत, पार अंधारात. आणि दार उघडलं की आधी यायचा तो डोळ्यांत पाणी आणणारा उग्र भपका. बिस्किटं फुलावीत म्हणून पिठात घातलेला खायचा अमोनिया उष्णतेनं वायू होऊन उडून जातो, हे पुढे रसायनशास्त्रात कळलं. तो भपका ओसरला की मागून वेलदोडा आणि भाजलेलं पीठ यायचं. तुटलेली बिस्किटं चाचा पहारेकऱ्यांच्या हातावर ठेवत. तोंड पोळायचं, पण थांबतो कोण?

नानकटाई मूळची सुरतेची म्हणतात. डचांच्या वखारीसाठी पाव भाजणारी भट्टी एका पारशी माणसाकडे आली आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं, अशी कथा आहे. आमच्या लेखी ती चाचांचीच.

मुंबईच्या मावशीकडे जाताना मात्र दुसरा वास भेटायचा. लोकल विलेपार्ल्याला आली की डबाभर गोड, दुधाळ वास पसरे, डोळे मिटूनही स्टेशन ओळखावं. तो वास पार्ले बिस्किटांच्या कारखान्याचा. हा कारखाना 1929 सालचा. बिस्किटं 1939 पासूनची. 2016 मध्ये तो बंद झाला. पार्ले-जी कुठेही मिळतं, स्टेशन तिथेच आहे, वास तेवढा गेला. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या गोळ्यांचंही तसंच: वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या उद्योगाचा हा ब्रँड 2024 मध्ये रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटींना घेतला. बातमी वाचून आधी त्यांची पान पसंद गोळीच तोंडात आली.

मागे एका दिवाळीत हौसेनं साजूक तुपातली नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये केली. उत्तम झाली. खुसखुशीत, रवाळ, पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली. पण ती माझ्या लहानपणची नव्हती. लहानपणची टाळूला चिकटायची, चहात बुडवली की वर तेलकट तवंग यायचा आणि डब्याच्या तळाची शेवटची बिस्किटं किंचित खवट लागायची. आम्ही हळहळतो ते डालड्यासाठी, हे कबूल करायला कुणी तयार नसतं. आठवणीला साजूक तुपाची फोडणी द्यायची आपल्याला खोड आहे. डॉक्टरांचा डालड्यावरचा राग रास्तच आहे आणि डालडा घरात परत आणावा असं मी म्हणणार नाही. पण चव त्याचीच होती, हेही खरं.

तालुक्याच्या गावांत अजून काही बेकऱ्या सामान घेऊन बिस्किटं करून देतात. आता बहुतेक जण कणकेची करून घेतात. तुमच्या गावात अशी भट्टी असेल तर या सुट्टीत पोरांना पहाऱ्याला बसवा. डबा मात्र पूर्ण कोरडा न्या आणि बिस्किटं गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. वाफ धरली की ती मऊ पडतात.