जुने सोने, नवा घाट

सराफाच्या दुकानात ‘मोड’ हा शब्द नित्य कानी पडतो. जुना दागिना देऊन नवा घ्यावयाचा असला, की त्या जुन्यास मोड म्हणावयाचे. व्यवहारात हा शब्द निरुपद्रवी खरा. परंतु घरातील वडीलधाऱ्या बायकांना तो खटकतो. ज्या घरांत बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढवली’ म्हणतात, त्या घरांत सासूबाईंच्या अंगावरचा दागिना मोडला, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आमची हयात भाषा शिकविण्यात गेली, म्हणूनच की काय, आमच्या मनात या शब्दाचा दुसरा अर्थही उभा राहतो. भिजविलेल्या मटकीस येतो तोही मोडच. वडिलार्जित दागिना मोडावा की तसाच ठेवावा, हा प्रश्न आज पुष्कळ घरांपुढे आहे. आमच्या घरी तो कसा सुटला, हे वाचकांपुढे ठेवावे, असे योजिले आहे.

आम्ही चेंबूरचे जुने रहिवासी. येथे टिळकनगर, सुभाषनगर या भागांत गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या बैठ्या घाटाच्या इमारती जाऊन त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले आहेत. आमचीही इमारत काही वर्षांपूर्वी पुनर्विकासास गेली. बिऱ्हाड हलविताना कैलासवासी मातोश्रींची लाकडी पेटी उघडली, तेव्हा तीत दोन वस्तू निघाल्या : पाटल्यांचा जोड आणि पुतळ्यांची माळ. पाटल्या मूळच्या आमच्या आजीच्या. पेटीच्या तळाशी आजोबांच्या हातची चिठ्ठी होती : ‘पाटल्या जोड १, वजन तोळे ३॥’.

या पाटल्या आमच्या पिढीपर्यंत पोहोचल्या, यालाही एक कारण घडले. मातोश्रींनी त्या मोडून नव्या तऱ्हेच्या बांगड्या करावयाचे एकदा मनात आणले होते. ते साल १९६३. त्याच वर्षीच्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम निघाले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या या धोरणाने हजारो सुवर्णकारांच्या भात्या थंड पडल्या. आमच्या घरच्या सोनारानेही हात जोडले. पुढे १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. परंतु तोवर मातोश्रींची हौस ओसरली होती. सांगावयाचे इतकेच, की ज्या घाटास आम्ही ‘आईचा घाट’ म्हणून कवटाळीत होतो, तो आईने स्वतः बदलावयास काढला होता.

पेटी उघडली आणि घरात दोन पक्ष पडले. आमच्या सूनबाई पेढीत नोकरी करितात. त्या म्हणाल्या, “बाबा, या पाटल्या घालून कुर्ल्याच्या गर्दीत मी गाडी कशी बदलू? आणि घालायच्याच नाहीत, तर लॉकरचे भाडे कशासाठी भरायचे?” आमची वडील बहीण वाईस असते. तिला हे कळताच तिने फोनवरून सांगितले, “अरे, आईच्या मनगटावर मी जन्मभर पाहिलेला घाट तो. तो गेला, तर आई दुसऱ्यांदा गेली असे मला वाटेल.” दोघींच्याही बोलण्यात खोटे काही नव्हते. आमच्या सौभाग्यवती मात्र गप्प होत्या; आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ आम्हांस चाळीस वर्षांच्या सहवासाने कळतो. ही वस्तू मुळात कोणाची, हे आधी ठरवा, असा तो अर्थ होता.

तो आम्ही ठरविला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने स्त्रीधनावर कन्येचा हक्क पुत्राच्या आधी मानला आहे. आजचा कायदा १९५६ चा. त्याप्रमाणे मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या स्त्रीचे पहिले वारस म्हणजे तिचे पुत्र, कन्या आणि पती. आणि पुत्र व कन्या यांचा वाटा समान. म्हणजे जुन्या शास्त्राने पाहा वा नव्या, ताईच्या संमतीवाचून त्या पाटल्यांस हात लावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, मग सूनबाईंस कोठून असणार? हे आम्ही सर्वांसमक्ष बोलून दाखविले. सूनबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. पण त्यांनी ते मानले. ताईस पत्र लिहून बोलाविले. ती आली.

आता घाटाचा प्रश्न. पतंजलींच्या महाभाष्यात, अगदी आरंभीच्या पस्पशाह्निकात, सोन्याचा एक दृष्टान्त आहे. एकाच सोन्याचा गोळा होतो, त्याची कडी होतात, ती मोडून पुन्हा गोळा, आणि पुन्हा त्याचीच कुंडले. आकार येतात आणि जातात, द्रव्य मात्र तेच राहते. हा दृष्टान्त ताईस सांगताच सूनबाईंचा पक्ष जिंकला, असे सर्वांस वाटले. परंतु भाष्यकार तेथेच थांबत नाहीत. आकृतीही नित्य म्हणता येईल, असा दुसरा पक्ष ते लगेच मांडतात. एका ठिकाणी नाहीशी झालेली आकृती सर्वत्र नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या द्रव्यात आढळते, असा त्याचा आशय. शाळेत असताना हे आम्ही व्याकरण म्हणून वाचले होते. ताईपुढे बसून सांगताना प्रथमच ते घरातले वाटले.

मग पाटल्या तोलविल्या. काटा बरोबर ४० ग्रॅमवर थांबला. दुकानदार म्हणाला, “चार तोळे.” ताईने चिठ्ठीकडे पाहिले, साडेतीन! घरात शंकेची पाल चुकचुकावयास इतके पुरे असते. परंतु जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा, आणि आजच्या बाजारातला १० ग्रॅमांचा. जुन्या मापाने साडेतीन तोळे म्हणजे ४०.८ ग्रॅम. म्हणजे ०.८ ग्रॅम सोने कमी भरले. ते कोणी चोरले नव्हते. आजीच्या आणि आईच्या मनगटांवर, जात्याच्या खुंट्यापाशी, भांडी घासताना, नातवंडांना थोपटताना, इतक्या वर्षांत ते झिजले होते. द्रव्य नित्य खरे. पण संसारात तेही थोडे खर्ची पडते. हा हिशेब ऐकून ताईने डोळ्यांस पदर लावला आणि म्हणाली, “म्हणजे आईने घालून घालून झिजवल्या. मग आपण पेटीत ठेवून काय करणार?”

निर्णय तिच्याच तोंडून आला. पाटल्या नव्याने घडवाव्या. पुतळ्यांच्या माळेस मात्र हात लावू नये. यातील विवेक वाचकांनी ध्यानी घ्यावा. पुतळी ही व्हेनिसच्या जुन्या सोन्याच्या नाण्यावरून आलेली. तीवरील मानवाकृतीवरून तिला हे नाव पडले. तो ठसा वितळविला, की पुन्हा मिळावयाचा नाही. तेव्हा माळ पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात ओवून घेतली. पाटल्यांचा घाट साधा, त्यांचे जोडही तीनदा सांधलेले. त्यांचे छायाचित्र आणि नक्षीचा कागदावरील ठसा आम्ही राखून ठेविला आहे.

एका दुकानात ‘मोड द्या आणि तयार बांगड्या न्या’ असे सुचविण्यात आले. हा मार्ग सोयीचा. परंतु त्यात आपले सोने इतरांच्या सोन्यात मिसळते आणि परत येते ते भलतेच. म्हणून आमचेच सोने घेऊन काम करील, असा कारागीर आम्ही शोधिला. यंत्राने पाटल्यांचा कस ९०० दाखविला. हे यंत्र केवळ वरचा थर पाहते. आतला डाख त्यास दिसत नाही. आमच्यादेखत पाटल्या मुशीत टाकून टाकणखार घालून वितळविल्या. लगड ३९.६ ग्रॅम भरली आणि तिचा कस ८८५ निघाला. त्यात शुद्ध सोने सुमारे ३५ ग्रॅम. त्यापासून ९१६ कसाचे, म्हणजे २२ कॅरटचे, सोने सव्वाअडतीस ग्रॅम होते. हे त्रैराशिक आम्ही तेथेच कागदावर मांडिले, आणि कारागिरानेही ते आनंदाने तपासले. हिशेब आधी मांडला, म्हणजे पुढे मनात किंतु उरत नाही.

त्यातून बांगड्यांचे दोन जोड झाले, प्रत्येकी सुमारे एकोणीस ग्रॅमांचे : एक ताईच्या नातीस, एक आमच्या नातीस. दोन्हींवर हॉलमार्क करून घेतला. २०२१ च्या जूनपासून हा ठसा सक्तीचा होऊ लागला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरे-अंकांच्या ओळखक्रमांकावाचून सराफास नवा दागिना विकता येत नाही. घरातल्या जुन्या दागिन्यांस मात्र ही सक्ती नाही. सूनबाईंनी स्वतःसाठी काही मागितले नाही. ते पाहून ताईने पुतळ्यांची माळ आपण होऊन त्यांच्या हवाली केली : “सणावारी घालत जा; आणि पुढे दोघी मुलींना आळीपाळीने दे.”

ज्या घरांत असा प्रश्न उभा असेल, त्यांस आमचे सांगणे थोडके आहे. वस्तू कोणाची, हे आधी ठरवावे आणि त्या माणसाची संमती घ्यावी. जो घाट पुन्हा होणार नाही, तो राखावा. जो मोडावयाचा, त्याचे वजन, कस आणि इतिहास लिहून ठेवावा. आमच्या आजोबांनी चार शब्दांची चिठ्ठी लिहिली नसती, तर त्या ०.८ ग्रॅमची वार्ता आम्हांस कधीच लागली नसती. नव्या बांगड्यांच्या दोन्ही डब्यांत आम्ही आता तशीच एकेक चिठ्ठी ठेविली आहे, ग्रॅममध्ये आणि जुन्या तोळ्यांतही. मुली त्या बांगड्या रोज घालतात. त्या झिजाव्यात, अशीच आमची इच्छा आहे.