एकतीस चिंचोके

एखाद्या संख्येवर माणसाचा जीव जडावा, हे पुष्कळांना विचित्र वाटते. मला मात्र एकतीस ह्या संख्येविषयी फार जिव्हाळा आहे. एकतीस चिंचोके घ्या आणि त्यांच्या सारख्या रांगा लावून पाहा. दोन-दोनांच्या, तीन-तीनांच्या, पाच-पाचांच्या रांगा लावा; दर वेळी एक चिंचोका उरतोच. सात-सातांच्या लावाल, तर तीन उरतील. शेवटी सगळे चिंचोके एकाच लांब ओळीत मांडल्यावाचून गत्यंतर नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात.

आता, ३१ हे झाले आपले लिहिणे. तीन दहा आणि वर एक, एवढाच त्याचा अर्थ. आपण दहांनी मोजतो, कारण हातांना बोटे दहा! आपल्याकडील जुनी माणसे विसांनीही मोजीत. साठांना ती तीन विसा म्हणत. त्यांनी हेच चिंचोके 'एक वीस आणि वर अकरा' असे सांगितले असते. पण म्हणून काय ते सारख्या रांगांत बसले असते? मोजण्याचा पाया बदलला, की अंक बदलतात. चिंचोके मात्र तेवढेच राहतात आणि त्यांचा हट्टही तोच राहतो.

पाया पाचाचा घ्या. पाच चिंचोक्यांची एक मूठ, पाच मुठींचा एक ढीग. एकतीस चिंचोक्यांचा एक ढीग होतो, एक मूठ होते आणि एक सुटा राहतो. म्हणजे लिहावयाचे १११. आता पाया दोनाचा घ्या. संगणक ह्याच पद्धतीने मोजतो. सोळा, आठ, चार, दोन आणि एक मिळून एकतीस. म्हणून लिहावयाचे १११११. दोन्ही वेश निव्वळ एकांचे!

ह्या एकांच्या ओळींत एक मौज आहे. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. दहाच्या पायावर हे खरे आहेच. पण दोनाच्या पायावर तीच ओळ पंधरा होते, आणि तीन पाचे पंधरा! पाया कोणताही असो, चार एकांची ओळ मूळ संख्या होऊच शकत नाही. तीन किंवा पाच एकांची होऊ शकते. होईलच असे नाही. आपले नेहमीचे १११ पाहा ना: ते ३ गुणिले ३७ आहे.

दोन एकांना मी मोजीत नाही. तिसाच्या पायावर एकतीस ११ होते, आणि अशी युक्ती कोणत्याही मोठ्या संख्येला साधते. निदान तीन एक हवेत आणि तसे दोन वेश हवेत, अशी अट घातली की संख्या एकदम दुर्मिळ होतात. एकतीसशिवाय अशी एकच संख्या ठाऊक आहे: ८१९१. तीही मूळ संख्याच. दोनाच्या पायावर ती लिहिताना तेरा एक मांडावे लागतात आणि नव्वदाच्या पायावर तीन. हे दुसरे पडताळणे सोपे आहे: नव्वद गुणिले नव्वद ८१००, त्यांत नव्वद मिळवा आणि वर एक.

ह्या दोहोंवाचून तिसरी नसावी, असा तर्क बेल्जियमचे गणितज्ञ रेने गोरमाख्तिख ह्यांनी १९१७ साली मांडला. तशी तिसरी संख्या अद्याप कोणाला सापडलेली नाही. आणि ती नाहीच, हेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.