वैनगंगेकाठचे कोयतूर

पवनी हे कोटाचे जुने गाव. एका अंगाला वैनगंगा, बाकीच्या अंगांनी तटबंदी आणि खंदक. 1969-70 साली येथील जगन्नाथ टेकडीवर खोदकाम झाले, तेव्हा बौद्ध स्तूपाचे दगड निघाले. त्यांवर ब्राह्मी लिपीत प्राकृत अक्षरे आहेत. ती भाषा दगडावर कोरली गेली, म्हणून दोन हजार वर्षांनीही विद्वानांना वाचता येते. याच नदीच्या खोऱ्यात आणखी एक भाषा नांदत आली. तिला मात्र असा दगड लाभला नाही. ती म्हणजे गोंडी.

मडावी, उईके, कुमरे ही आडनावे आपल्या झाडीपट्टीत नवी नाहीत. या मंडळींना आपण गोंड म्हणतो. ते स्वतःला कोयतूर म्हणवतात. मग 'गोंड' आले कोठून? दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नागपुरात हिस्लॉप नावाचे एक मिशनरी होते. त्यांनी गोंडांची गाणी आणि चालीरीती टिपून ठेवल्या. तेलुगूत कोंडा म्हणजे डोंगर, त्यावरून हे नाव पडले असावे, असा त्यांचा तर्क होता. तर्कच तो, पण नाव शेजाऱ्यांनी ठेवलेले, एवढे पटण्यासारखे आहे.

गोंडी मराठीच्या कुळातली नव्हे. ती तेलुगूची बहीण. तिच्यात तीनला मुंद, चारला नालुंग म्हणतात. तेलुगूत मूडु, नालुगु. पाण्याला येर, घराला रोन. चहूकडे मराठी-हिंदीचा वेढा असताना ती टिकली, हे नवलच!

असेच नवल दूर युरोपात आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर, पिरेनीज डोंगरापाशी बास्क लोक राहतात. त्यांची भाषा जगातल्या कोणत्याच जिवंत भाषेशी नाते सांगत नाही. रोमन लोक तिथल्या एका जमातीला वास्कोनेस म्हणत, त्यावरून हे नाव आले. ते स्वतःला म्हणवतात एउस्काल्दुन, म्हणजे ज्याच्यापाशी एउस्कारा भाषा आहे तो. भाषा गेली की नावातला अर्थच गेला! फ्रँकोच्या राजवटीत ती शाळांतून हद्दपार झाली, तेव्हा पालकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. 1979 साली स्पेनमधल्या बास्क प्रांतात तिला राजभाषेचा मान मिळाला.

आपल्याकडे 1918 साली मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी तयार केली. ते बालाघाटचे, म्हणजे आपल्याच वैनगंगेच्या वरच्या अंगाचे. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर भरले, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचे नाव नाही. भंडाऱ्याच्या बाजूला तर पुष्कळ कोयतूर घरांत आता मराठीच चालते. आजीला गोंडी कळते, नातवाला कळत नाही.

खाली गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या मान्यतेचा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या पोरांनी मात्र पहिले अक्षर गिरवले ते आईच्या भाषेतले.