दवाखान्यात फक्त डॉक्टरच असतात का?

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांना मोठेपणी डॉक्टर व्हायचंय? हात वर करा बरं! मला इथून दिसत नसलं तरी निम्मे हात वर गेले असणार, हे मी पैजेवर सांगते. मी तळेगाव दाभाड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात दरवर्षी मी हा प्रश्न विचारते. डॉक्टर, पोलीस, इंजिनिअर अशी ठरलेली उत्तरं येतात. नर्स व्हायचंय असं एखादीच सांगते, तेही हळूच. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, औषधं देणारा फार्मासिस्ट यांची नावं मात्र कुणीच घेत नाही.

तसं पाहिलं तर ही माणसं तुम्हाला रोज दिसतात. पण त्यांच्या कामाचंही एक शिक्षण असतं आणि त्याची सुरुवात हायस्कुलातच करता येते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज सांगायला बसले आहे.

समजा, तुमच्या आजोबांना चार दिवस ताप येतोय. तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलंत. आधी कुणीतरी केसपेपर काढला. सिस्टरांनी ताप, नाडी आणि रक्तदाब पाहून कागदावर लिहिलं. लॅबमधल्या दादानं रक्त घेतलं. एक्स-रे निघाला. मग डॉक्टरांनी तो कागद, तो रिपोर्ट आणि ती फिल्म पाहून आजार ओळखला. औषधं फार्मासिस्टनं दिली. आजोबांना ठेवून घेतलं, तर त्यांना खाटेवर नीट झोपवायला, कूस बदलून द्यायला मावशी किंवा वॉर्डबॉय आले. आता मोजा. किती माणसं झाली? यातल्या एकानं जरी चुकीचा आकडा लिहिला किंवा दोघांच्या रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल केली, तर कितीही हुशार डॉक्टर असले तरी काय करतील?

आमच्या तळेगावात १९९५ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सगळे त्याला ‘मायमर’ म्हणतात. त्याला जोडून डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय आहे. मावळातल्या गावांतून माणसं तिथे येतात. तिथून जाताना माझ्या वर्गातली मुलं इमारतीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘‘बाई, इथे डॉक्टर तयार होतात.’’ खरं आहे. पण दवाखाना चालायला एका डॉक्टरामागे कितीतरी हात लागतात, आणि तेही तयारच करावे लागतात.

मग हे हात तयार कुठे होतात? आपल्या राज्यात काही शाळांमध्ये नववी-दहावीला व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येतो. त्यात ऑटोमोबाईल आहे, शेती आहे, तशीच आरोग्यसेवाही आहे. अकरावी-बारावीला महाराष्ट्रात १९८८ च्या सुमारास किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. तुमच्या आईबाबांना ‘एमसीव्हीसी’ हे नाव आठवत असेल. त्यात वैद्यकीय प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम होता, तसाच बालसंगोपनाचाही. प्रत्येक शाळेत हे विषय नसतात. तुमच्या जवळ कुठे आहेत, हे नववीत जाण्याआधीच विचारून ठेवायला हवं.

या तासाला काय शिकवतात? नाडी मोजायची. ताप पाहायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर त्याला न उठवता कशी बदलायची. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसं बसवायचं, म्हणजे त्याचंही दुखणार नाही आणि आपलीही कंबर धरणार नाही. हात कसे धुवायचे. हसू नका! साबण लावून बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं असं सगळं धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आज जेवायच्या आधी तुम्ही किती सेकंद हात धुतलेत? आणि दवाखान्यातला कचरासुद्धा शिकावा लागतो. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. सुई चुकून लाल पिशवीत पडली, तर ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या हातात घुसते.

मी स्वतः बारावीनंतर डी.एड. केलं. तेही असंच हाताला काम शिकवणारं शिक्षण. वर्गावर जाऊन सरावपाठ घ्यायचे, मागच्या बाकावर आमचे सर वही घेऊन बसायचे. पुस्तक पाठ होतं, पण चाळीस मुलांपुढे उभं राहिल्यावर घसा कोरडा पडायचा. तेव्हापासून मला वाटतं की, ज्या कामात समोर जिवंत माणूस असतं, ते काम नुसतं वाचून येत नाही. ते कुणाच्या तरी नजरेखाली करून बघावं लागतं.

आता माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. चौथीत माझ्या वर्गात होती. दहावीला तिला ५८ टक्के मिळाले. तिला आरोग्याच्या व्यवसाय शाखेत जायचं होतं आणि पुढे नर्सिंग करायचं होतं. वडील नको म्हणत होते. मायलेकी माझ्याकडे आल्या, म्हणून मी त्यांच्या घरी गेले.

वडिलांची दोन कारणं होती. पहिलं, मुलीच्या जातीला रात्रपाळी नको. ते स्वतः चाकणच्या कंपनीत कामाला. आठवडाभर थर्ड शिफ्ट करून सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणारा माणूस. मुलगी एवढंच म्हणाली, ‘‘बाबा, रात्री मशीन चालवायला माणूस लागतो, मग पेशंटजवळ नको का?’’ ते काही बोलले नाहीत.

दुसरं कारण मात्र वजनदार होतं. त्यांच्या पुतणीनं एका संस्थेत पैसे भरून वर्षभराचा ‘नर्सिंग कोर्स’ केला होता. सुंदर छापील प्रमाणपत्र मिळालं. नोकरीला गेली, तर तिथे विचारलं, ‘‘नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कुठे आहे?’’ ती नव्हतीच. पैसे गेले आणि वर्षही गेलं.

पालकहो, ही भीती मला पटली. म्हणून हा भाग तुमच्यासाठी लिहिते. नर्स म्हणून काम करायचं तर परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेल्यांनाच मिळते. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर असतो, आणि आरोग्यसेवेच्या व्यवसाय शाखेतून बारावी झालेल्यांनाही तो खुला आहे. जीएनएम तीन वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, पण त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. फार्मसीची पदविका बारावी सायन्सनंतर दोन वर्षांची. म्हणजे अकरावीचा फॉर्म भरताना पुढची वाट ठरत असते. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘‘तुमची मान्यता कुणाची?’’ आणि उत्तर मिळालं तरी त्या परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः पाहा.

आम्ही तेच केलं. वडिलांनी यादीतलं नाव बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मग हो म्हणाले. मुलगी लोकलनं ये-जा करून शिकली, पुढे एएनएम झाली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझी आई कोरोनानं नऊ दिवस दवाखान्यात होती. आत कुणाला सोडत नव्हते. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, त्यांच्यावर तेव्हा किती ताण होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. उरलेला दिवस आणि आख्खी रात्र आईजवळ असायच्या त्या सिस्टर, ऑक्सिजन बघणारी मुलं, पाणी पाजणाऱ्या मावशी. तिसऱ्या रात्री व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर चष्मा, मास्क, पांढरा पोशाख, चेहरा काही दिसेना. आवाज आला, ‘‘बाई, मी आहे इथे. आजींनी अर्धी वाटी पेज घेतली. आता ऑक्सिजन ९४ आहे. तुम्ही झोपा.’’ त्या रात्री मी खरंच झोपले. आई बरी होऊन घरी आली.

मला तिचे ५८ टक्के आठवले. पेपरात तिला काय आलं नव्हतं, ते त्या टक्क्यांत लिहिलेलं होतं. रात्री दोन वाजता घाबरलेल्या म्हातारीला पेज कशी पाजायची, याचे मार्क कुठल्या पेपरात असतात?

अशी कामं करणाऱ्या बायकांना आपल्याकडे एकेकाळी नावं ठेवली जायची. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळण्याची सोय केली. चांगल्या घरच्या बायका परक्या माणसाची सेवा करणार, म्हणून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. तरी त्या बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी हे सगळं शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुम्हाला तर वाचता येतं, लिहिता येतं, गणित येतं. मग तुम्ही किती शिकू शकाल!

पण एक गोष्ट लक्षात ठेवा हं. ‘अभ्यासात कच्चा आहे ना, टाका व्यवसाय शाखेत,’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. औषधाच्या डोसाचं गणित चुकलं, तर पेपरातला एक मार्क जाऊन भागत नाही. इथे नीटनेटका, खरा आकडा लिहिणारा, रागावलेल्या पेशंटशीही गोड बोलणारा माणूस लागतो. मुलगेही लागतात बरं का! पेशंट उचलायचा, त्याला आंघोळ घालायची, हे काही फक्त मुलींचं काम नाही.

ज्यांना डॉक्टर व्हायचंय, त्यांनी जरूर व्हा. पण या रविवारी सगळ्यांनी एक काम करा. आजीचं मनगट हातात घ्या. अंगठ्याच्या खालच्या बाजूला तुमची पहिली दोन बोटं अलगद ठेवा. अंगठा ठेवायचा नाही, कारण त्याला स्वतःचे ठोके असतात आणि मोजण्यात घोटाळा होतो. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण ६० ते १०० ठोके भरतात. आकडा वहीत लिहा, तारीख आणि वेळही लिहा. मग तुमचे मोजा, धाकट्या भावाचे मोजा. लहानांचे जास्त का येतात, ते शाळेत सरांना किंवा बाईंना विचारा.

मोजताना हात थरथरला नाही, आणि आजीशी गप्पा मारत मारत आकडाही चुकला नाही, तर घरच्यांना तसं सांगा. दहावीनंतर काय, हे बोलायला बसाल तेव्हा ती वहीही जवळ असू द्या.