फ्लास्कमधलं तेल

सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने स्फटिक उचलायचा, तेलाच्या थेंबात फिरवून स्वच्छ करायचा आणि नायलॉनच्या बारीक फासात बसवायचा, हे काम माझ्या प्रयोगशाळेत कायम मीच करत आले. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, वयाचा भाग आहे. पण ०.२ मिलिमीटरच्या स्फटिकाला वयाची सबब चालत नाही. सुई टेकली की तो उडतो, नाहीतर दुभंगतो. आता ते काम माझी पीएचडीची शेवटची विद्यार्थिनी करते. मी शेजारी बसून बघते.

तिचं संयुग म्हणजे एक द्विवलयी लॅक्टोन. चार कायरल कार्बन, त्यातले तीन पक्के. चौथ्यावरचा हायड्रॉक्सिल वर आहे की खाली, हे काही केल्या एनएमआर सांगेना. कपलिंगचे आकडे अधलेमधले, एनओई दोन्ही रचनांना चालेल असा. एक्स-रेशिवाय खात्री नाही आणि एक्स-रेला स्फटिक हवा. कॉलम पुन्हा लावून झाला, टीएलसीवर एकच ठिपका, स्पेक्ट्रम स्वच्छ, रात्रभर पंपावरही ठेवलं. तरी फ्लास्क कलता केला की तळाशी जाड, रंगहीन तेल सावकाश सरकायचं.

इथिल अ‍ॅसिटेट-हेक्सेन, डायक्लोरोमिथेन-पेट इथर, नुसतं ईथर. सगळं करून झालं. गरम द्रावण नितळ असायचं. थंड होताना आधी दुधाळ व्हायचं आणि मग तळाला पुन्हा तेलच. थंडी वाढवावी तर द्रव इतका घट्ट होतो की रेणूंना वळून आपली जागा घ्यायला वावच उरत नाही. थंडी कमी करावी तर त्यांना एकत्र यायची गरजच वाटत नाही. या दोहोंमधली जी अरुंद पट्टी असते, ती प्रत्येक संयुगाची वेगळी असते आणि कुठल्याही तक्त्यात छापलेली नसते. आईचं तूप रवाळ व्हायचं ते ती पातेलं रात्रभर ओट्यावर राहू द्यायची म्हणून. कढवल्या कढवल्या फ्रीजमध्ये ठेवलं की ते गुळगुळीत गोठतं. मला यातलं जे काही कळतं त्याचा पाया तिथला आहे.

मी ऐंशीच्या दशकात पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पीएचडी केली. माटुंग्याच्या यूडीसीटीतून आलेले के. वेंकटरामन १९५७ साली एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात घडलेली माणसं आमच्या वेळी प्रयोगशाळा चालवत होती. आमच्या सरांच्या टेबलामागे नमुन्यांच्या बाटल्यांची फळी होती. प्रत्येक बाटलीवर नावाखाली द्रवणांक. पाच अंशांच्या पसरट पट्टीत वितळणारा नमुना घेऊन गेलं तर सर वर न बघता म्हणायचे, ‘परत बसवा.’ संयुग आधी कोणी केलेलं असलं तर जुना नमुना मिसळून पुन्हा द्रवणांक काढायचा. आकडा घसरला नाही तरच दोन्ही एक. वर मूलद्रव्यांचं विश्लेषण, कार्बन-हायड्रोजन ०.४ टक्क्याच्या आत. एवढं झालं की सर बाटली फळीवर ठेवू द्यायचे.

हल्ली परीक्षणाला येणारे प्रबंध उघडते तेव्हा प्रायोगिक भागात पानोपानी ‘रंगहीन तेल’, ‘फेस’, ‘चिकट पदार्थ’. विश्लेषणाच्या जागी हाय-रिझोल्यूशन मासचा आकडा. तो आकडा तुमचा रेणू फ्लास्कमध्ये आहे एवढंच सांगतो. त्याच्याबरोबर आणखी काय काय आहे ते सांगत नाही. आमच्याच इमारतीत एक गट आहे, त्यांच्याकडे कॉलम यंत्र लावतं, फ्रॅक्शन्स यंत्रच गोळा करतं आणि आठवड्याला नवनवी संयुगं निघतात. त्यांचे शोधनिबंध माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आणि मानही जास्त. त्यांची हुशारी मी नाकारत नाही. पण आपण केलेला पदार्थ चिमटीत धरून न बघता त्याच्याबद्दल लिहायचं, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

मुलांना तरी काय बोलू? फेलोशिप पाच वर्षांची. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७,००० आणि नंतर एसआरएफचे ४२,००० मिळतात, तेव्हा घरी थोडे पाठवता येतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी शोधनिबंध छापायची सक्ती काढली, पण पोस्टडॉकचा अर्ज करताना पहिला प्रश्न निबंधांचाच असतो. फॉइल गुंडाळून दोन महिने कपाटात ठेवलेला फ्लास्क सहामाही प्रगती अहवालात कुठल्या रकान्यात भरायचा?

मी त्यांना पाश्चरची गोष्ट सांगते. १८४८ साल, वय पंचवीस. सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे-उजवे स्फटिक त्याने भिंगाखाली चिमट्याने एकेक करून वेगळे काढले. तेच द्रावण तिशीच्या वर तापलेल्या खोलीत ठेवलं असतं तर दोन्ही रूपं एकाच स्फटिकात बसली असती आणि वेगळं करण्याजोगं काही हाती लागलं नसतं. दुसरी गोष्ट रिटोनाविरची. एड्सवरचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं आणि १९९८ मध्ये त्याचं नवं, कमी विरघळणारं स्फटिकरूप आपसूक अवतरलं. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रेणू तोच, स्फटिकातली मांडणी बदलली आणि औषध पोटात विरघळेनासं झालं. इतकी मोठी कंपनी, इतकी यंत्रं, पण हे कोणालाच आधी दिसलं नव्हतं.

आता जरा अवघड बोलते. दुसऱ्या गटांतली मुलं वर्षानुवर्षं माझ्याकडे फ्लास्क घेऊन यायची. ‘मॅडम, स्फटिक तुमच्या हाताला येतात.’ मी काचेची कांडी घ्यायचे, काचेच्या आतल्या बाजूला विशिष्ट तिरप्या कोनात घासायचे आणि बरेचदा त्या ओरखड्यावरून पांढरी रेघ उगवायची. मुलं बघत राहायची. मला ते फार आवडायचं. खरखरीत काचेवर केंद्रक धरतं हे मला ठाऊक होतं, तरी मनातून वाटायचं की हे माझ्या हातात आहे. नवा प्रबंध आला की मी आधी आभारांचं पान उघडायचे, आपलं नाव आहे का ते बघायला. अजूनही उघडते.

या मुलीच्या तेलाला माझी कांडी लागली, खूप लागली. काही झालं नाही. मग तिला पॅरा-ब्रोमोबेन्झोएट करायला सांगितलं: चपटं वलय असलं की रेणू एकावर एक रचले जातात आणि ब्रोमीनसारखा जड अणू असला की निरपेक्ष रचनाही ठरते. १९५१ मध्ये बेव्हूटने सोडियम रुबिडियम टार्टरेटवर याच तत्त्वाने डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते पहिल्यांदा सिद्ध केलं. बेन्झोएट झालं. तेही तेल.

दिवाळीत ती गावी गेली. जाण्याआधी, मला न सांगता, तिने ते थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन एनएमआरच्या नळीत घातलं आणि वरून मिथेनॉलचा थर इतका अलगद सोडला की दोन द्रवांमधली सीमा दिसत होती. अरुंद नळीत ते दोघे एकमेकांत मिसळायला दिवसच्या दिवस घेतात. नळी खिडकीजवळच्या रॅकमध्ये, तिथे पुण्याची थंडी थेट येते. ती परतली तेव्हा सीमेच्या जागी काचेला चिकटून लांबट, पारदर्शक, धारदार कडांचे स्फटिक उभे होते.

तिने मला हाक मारली. मी बघितलं आणि माझ्या मनात पहिल्यांदा आनंद आला नाही. हा योगायोग आहे, थंडीने झालं, कोणालाही झालं असतं, असं दोन दिवस मी स्वतःला पटवत होते. तिसऱ्या दिवशी स्फटिक बसवायला मीच खुर्चीवर बसले. सुई तेलात बुडवली, स्फटिकाजवळ नेली आणि टोक हलायला लागलं. तिने काही म्हटलं नाही. मी उठले. तिने एका दमात स्फटिक उचलला, फासात बसवला आणि १०० केल्व्हिनच्या नायट्रोजनच्या झोताखाली लावला. चौथा कार्बन ठरला, निरपेक्ष रचनेची खात्री देणारा फ्लॅकचा आकडा शून्याला चिकटून आला, समितीचं समाधान झालं. ती सध्या सिनॉप्सिस लिहितेय.

मूळ अल्कोहोल मात्र अजून तेलच आहे. बेन्झोएटचा कण टाकून पाहिला, विरघळून गेला. तिचं म्हणणं, रचना कळली, आता सोडून द्या मॅडम. मी हेक्सेनऐवजी हेप्टेन घालून, उणे वीसऐवजी चार अंशांवर ठेवलंय. हेप्टेन सावकाश उडतो, त्यामुळे झाकण सैल ठेवलं तरी घाई होत नाही. फ्रीजचा तो कप्पा दुसऱ्या गटाला हवा होता. तिची व्हायवा होईपर्यंत तो रिकामा होणार नाही, असं मी विभागाला लेखी कळवलंय.