पायातला गडी

रूपाच्या बाबतीत तो कमनशिबीच. पुढून रुंद, मागून आखूड, खाली दातेरी. आणि रंग असा, की लग्नाच्या पंगतीत कुणी घालून आलं तर यजमानानं नजर वळवावी. अंग पोपटी, त्यावर केशरी पट्टा, नाडी निळी. नशीब एवढंच की आषाढातल्या दोन रविवारांत हे सगळे रंग चिखलाखाली जातात आणि गडी जरा माणसांत येतो.

वजनात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नाही. डोंगरवाटांवर धावायचा नऊ नंबरचा एक बूट तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा देहाच्या भरवशावर सत्तर-ऐंशी किलोचा गृहस्थ सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेनं धावत उतरतो. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट, अडीचपट भार जमिनीवर येतो, आणि त्या भाराची पहिली गाठ याच्याशीच पडते. हा गडी कुरकुरत नाही. पण कुरकुरत नाही म्हणून त्याला काही होत नाही, अशी समजूत करून घेणारा मालक पुढं गुडघा धरून बसतो.

त्याचं घराणं दोन ठिकाणचं. डोंगराचा वारसा इटलीतला. मिलानचा गिर्यारोहक विताले ब्रामानी याचे सहा सोबती १९३५ साली आल्प्समधल्या पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून मेले. त्या काळी वाटेसाठी खिळे ठोकलेले जड बूट आणि कातळासाठी पातळ तळाचे हलके बूट, अशी दोन जोडांची कसरत असे. बर्फात आणि थंडीत ते पातळ बूट काहीच कामाचे नसत. एकाच बुटानं दोन्ही कामं केली पाहिजेत हा ध्यास घेऊन ब्रामानीनं १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ आणला. त्याच्याच नावाआडनावातून ‘व्हिब्रम’ हे नाव झालं. १९५४ साली इटालियन पथक के-टू शिखरावर पोचलं ते याच तळाच्या बुटांनी.

धावण्याचा वारसा अमेरिकेतला. ओरेगन विद्यापीठातल्या बिल बॉवरमन या प्रशिक्षकानं १९७१ मध्ये घरातल्या वॉफल भाजायच्या साच्यात रबरासारखं रसायन ओतून पाहिलं. साचा वाया गेला, पण चौकोनी खुंट्यांचा हलका तळ हाती लागला. त्याच दशकाच्या मध्यावर ईव्हीए नावाचा, पोटात वायूचे बारीक बुडबुडे असलेला फोम बुटाच्या तळात आला. एकीकडून पकड आली, दुसरीकडून मऊपणा.

आणि हे दोन्ही गुण त्याच्या जिवावर उठलेले आहेत. रबर मऊ असेल तर ते खडकाच्या बारीक खडबडीत शिरतं आणि धरून ठेवतं. त्याच कारणानं खडक त्याला किसून काढतो. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या कातळावर दगा देतं. फोमचंही तेच. पावलाखाली तो दबतो, पुन्हा उसळतो, आणि प्रत्येक दबण्यात थोडी उसळी कायमची गमावतो. दुकानात येणारा माणूस म्हणतो, मऊ हवा, पकड हवी आणि पाच वर्षं चालला पाहिजे. असा गडी अजून जन्माला आलेला नाही. आपल्या पायाला मिळणारा आराम तो स्वतःच्या अंगातून काढून देतो. कुठं किती द्यायचा, एवढंच त्याच्या हातात असतं.

त्याचा सडकेवरचा सख्खा भाऊ याच बाबतीत वेगळा वाढला. त्याचा तळ जवळजवळ सपाट, फोम जाड, टाच पुढच्या भागापेक्षा बहुधा आठ-दहा मिलिमीटर उंच. डोंगरातल्या भावाची टाच सहसा त्याहून खाली, म्हणजे जमिनीचा अंदाज घ्यायला सोपी आणि घोटा मुरगळायला कमी वाव. त्याच्या तळाला तीनपासून सहा मिलिमीटरपर्यंतच्या खुंट्या. दोघांची अदलाबदल करू नये, पण लोक करतात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढते, तेव्हा डोंगर आहे म्हणून डोंगरातला बूट घालून जाणारे निघतातच. घाट खरा, पण रस्ता डांबरी. त्या खुंट्या डांबरावर तळव्याला टोचत राहतात आणि बघता बघता घासून सपाट होतात. बूट उंची पाहून निवडायचा नसतो, जमीन पाहून निवडायचा असतो.

निवडायला येणारा पुरुष बहुधा चाळिशीच्या आसपासचा असतो. डॉक्टरांनी साखर सांगितलेली असते, नाहीतर ऑफिसातल्या कुणीतरी मॅरेथॉनचं पदक सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलेलं असतं. दुकानात शिरताच, रक्तगट सांगावा तशा खात्रीनं, तो म्हणतो, “नऊ नंबर दाखवा.” हा नंबर त्याला कॉलेजात कळलेला. मधल्या काळात तळव्याची कमान थोडी बसली, पाऊल थोडं लांबलं, रुंदावलं; नंबर मात्र तोच. त्यात प्रत्येक कंपनीचा फर्मा निराळा, त्यामुळे एकीचा नऊ दुसरीचा साडेनऊ निघतो. अर्ध्या नंबराचा फरक चार मिलिमीटरच्या आसपासचा, पण उतारावर तेवढ्यावरच नखाचं भवितव्य ठरतं. खोक्यावर सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो. आपलं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून मोजलेलं बरं. दोन पावलं सारखी नसतातच. मोठ्याला साजेल तो नंबर घ्यावा.

मग विक्रेत्याचं ठेवणीतलं वाक्य येतं. “साहेब, जरा दाबतायत, पण वापरून सैल होतील.” हे वाक्य चामड्याच्या जमान्यातलं. चामडं पायाप्रमाणे वळण घेतं. या गड्याचं अंग पॉलिएस्टरच्या जाळीचं, वर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. ते फारसं सैलावत नाही. दुकानात दाबणारा बूट तोरण्याच्या उतारावरही दाबणार.

म्हणून त्याची मुलाखत संध्याकाळी घ्यावी. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं आणि लांब पल्ल्याच्या धावण्यातही फुगतं, तेव्हा संध्याकाळचं पाऊल खरं बोलतं. मोजे तेच न्यावेत जे घालून धावायचं आहे. सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. बूट घालून उभं राहावं आणि सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते पाहावं. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढं असतं. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. टाच हलत असेल तर वरचं, सहसा रिकामं ठेवलेलं भोक वापरून नाडी ओवून पाहावी. बरेचदा तेवढ्यानं काम भागतं. बूट हातात घेऊन वाकवावा: बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेवावा. आणि दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकून समाधान मानू नये. जिना किंवा पार्किंगचा उतार शोधावा आणि उतरून पाहावं. बोटं पुढं आपटली तर निकाल लागला. काळी पडलेली नखं पळणारे मोठ्या अभिमानानं दाखवतात. बहुतेक वेळा ती नंबर चुकल्याची साक्ष असते.

कैक वर्षं दुकानांत ओल्या पावलाचा ठसा पाहून बूट सुचवायची पद्धत होती: तळवा सपाट असेल तर अमुक, कमान उंच असेल तर तमुक. अमेरिकी सैन्यानं नव्या भरतीच्या जवानांवर हे तपासून पाहिलं. काहींना तळव्याच्या ठेवणीप्रमाणे बूट दिले, काहींना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात सांगण्याजोगा फरक पडला नाही. पुढं २०१५ मध्ये कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की, ज्या बुटात पायाला सुखकर वाटतं तो निवडला की पाऊल आपल्या स्वाभाविक चालीनं पडतं आणि दुखापतीचा धोका बहुधा कमी राहतो. हा सिद्धांत आहे, देववाणी नव्हे. तरी किमतीची चिठ्ठी, जाहिरातीतला धावपटू आणि ऑफिसातला पदकवाला यांच्यापेक्षा स्वतःच्या पायाचं म्हणणं अधिक ऐकावं, एवढं त्यातून नक्की निघतं.

या गड्याची खरी परीक्षा सह्याद्रीत होते, कारण इथं जमीन दर दोन महिन्यांनी बदलते. पावसाळ्यात पायथ्याला भातखाचरांचा चिखल आणि तासाभरात वर ओला काळा कातळ. चिखलाला खोल, दूर-दूर खुंट्या लागतात. कातळाला उलट जास्तीत जास्त रबर टेकलेलं लागतं, म्हणून तर प्रस्तरारोहणाच्या बुटांना खाचाच नसतात. दोन्हीकडं चालवून घ्यायचं तर चार मिलिमीटरच्या खुंट्या आणि मऊ रबर हा तोडगा बरा. शेवाळलेल्या कातळावर मात्र कुणाचंच रबर धरत नाही. तिथं मान न राखता बूड टेकून उतरावं. जलरोधक पडदा असलेला महागडा अवतार आपल्या पावसाला फसतो. आपला पाऊस बुटाच्या अंगातून नाही, घोट्यावरून आत शिरतो आणि मग तो पडदा पाण्याला बाहेर पडू देत नाही. साधी जाळी भिजते लवकर, पण निथळतेही लवकर.

पाऊस सरला की कुसळं येतात. जाळीत, मोज्यात, नाडीच्या गाठीत ती अशी घुसतात की रविवार पळण्यात आणि सोमवार कुसळं काढण्यात जातो. बारीक विणीच्या जाळीचा बूट घेण्यामागं हेही एक कारण असावं. दिवाळीनंतर वाटा सुकतात आणि मुरमाचा घसारा सुरू होतो. तिथं खुंट्या थोडं काम करतात, बाकीचं मालकानं करायचं: पावलं आखूड, गुडघे सैल, नजर चार पावलं पुढं.

महाग म्हणजे चांगला, असंही या गड्याच्या जातकुळीत नाही. अ‍ॅक्शन कंपनीचे काही शे रुपयांचे ट्रेकिंगचे बूट घालून आपल्याकडं भटक्यांची एक अख्खी पिढी गड चढली. रूप सुमार, फोम बेताचा, पण कातळावरची पकड अशी की भारी बूटवालेही मान्य करत. तळ लवकर झिजतो, हीही त्यांची ख्याती. पकड आणि झीज यांचं नातं इथंही सुटलं नाही. आणि धाप टाकत गड चढणाऱ्या बूटवाल्याच्या बाजूनं साध्या रबरी चपलेतली मावशी डोक्यावर ताकाचं भांडं घेऊन पुढं निघून जाते, तेव्हा बुटाच्या गुणाला मर्यादा असतात हे न सांगता कळतं. तिच्या पावलांना वाट लहानपणापासून पाठ आहे. आपल्या पावलांना ती पाठ नाही, म्हणून हा गडी लागतो.

त्याची दुखणीखुपणी ठरलेली. भिजून आल्यावर त्याला कडक उन्हात किंवा हीटरपुढं ठेवणं वाईट; उष्णतेनं डिंक सुटतो आणि तळ तोंड उघडतो. आतला पातळ तळवा काढावा, पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, सावलीत वाऱ्यावर ठेवावं. तोंड उघडलंच तर नाक्यावरचा चर्मकार सोल्युशन लावून, कडेनं शिवण मारून त्याला अजून काही महिने उभा करतो. दबलेला फोम मात्र कुणालाच उठवता येत नाही. पॉलियुरेथेनच्या तळाचे जाड ट्रेकिंग बूट तर नुसतं जपून ठेवल्यानंही मरतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत काही वर्षं कपाटात राहिले की हवेतल्या ओलाव्यानं तळ आतून विघटित होतो आणि पहिल्याच ट्रेकला त्याचा भुगा पडतो.

त्याचं आयुष्य पाचशे ते आठशे किलोमीटरचं धरतात. मालक जड असेल, वाट खडकाळ असेल, तर कमी. टाचेच्या बाहेरच्या खुंट्या सपाट झाल्या, फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्या, आणि नेहमीच्याच वाटेनंतर पोटऱ्या किंवा गुडघे उगाच बोलायला लागले, की समजावं. दोन जोड आलटून-पालटून वापरले तर मधल्या दिवसांत तो नीट वाळतो. धावण्यातून सुटल्यावरही तो घरी बसत नाही. भाजी आणायला, शेतावर जायला, पावसात स्कूटर चालवायला आणखी दोन वर्षं राबतो.

मग मालक पुन्हा त्याच दुकानात जातो आणि तोच बूट मागतो. तो मिळत नाही. नाव तेच असतं, पुढचा आकडा एकानं वाढलेला. फर्मा किंचित अरुंद झालेला असतो, नाहीतर फोम दोन मिलिमीटरनं जाड, नाहीतर रबराची जातच बदललेली. विक्रेता खात्री देतो की हा आधीच्यापेक्षा चांगला आहे. असेलही. पण नव्याला जुन्याच्या पुण्याईवर कामाला घेऊ नये. दोन्ही पायांत घालावा, पार्किंगचा उतार गाठावा, आणि पायानं नाही म्हटलं तर नावाची भीड न धरता शेजारचं खोकं उघडायला सांगावं.